घटक ५ : संमतीची भाषा – परिचर्या संशोधनातील पद्धती आणि नीती

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला,
• परिचर्या संशोधनाचे स्वरूप व टप्पे सांगता येतील.
• प्रश्नावलीतील शब्दयोजनेचा संशोधनाच्या निष्कर्षांवर होणारा परिणाम स्पष्ट करता येईल.
• ‘संमती’ ही भाषिक कृती कशी आहे, हे उदाहरणांसह मांडता येईल.
• मराठी संमतीपत्रकातील भाषिक दोष ओळखून त्याचे सुबोध पुनर्लेखन करता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, मागील घटकांत आपण कार्यालयीन मराठी, जाहिरातीची भाषा आणि वृत्तलेखन यांचा परिचय करून घेतला. उपयोजित मराठीच्या अभ्यासात रुग्णालयाचा विचार सहसा होत नाही. वास्तविक सामान्य मराठी माणसाच्या आयुष्यात भाषेवाचून सर्वाधिक अडते ते न्यायालयात आणि रुग्णालयात. रुग्णालयात रुग्णाशी सर्वाधिक बोलते ती परिचारिका. डॉक्टर फेरीपुरते येतात. परिचारिका पाळीभर तेथेच असते. म्हणून परिचर्येच्या शिक्षणक्रमात संशोधनपद्धती हा विषय शिकवला जातो, तेव्हा त्यातील भाषेचा प्रश्न हा आपल्याही अभ्यासाचा विषय ठरतो.

या शिक्षणक्रमाला प्रवेश घेतलेल्या तुमच्यापैकी काही जण स्वतः परिचारिका, आरोग्यसेविका किंवा आशा कार्यकर्त्या असतील. काही जणांना पुढे भाषांतराचे काम मिळेल आणि त्यात एखादे इंग्रजी संमतीपत्रक मराठीत आणायचे असेल. दोन्ही प्रकारच्या विद्यार्थ्यांसाठी या घटकाचा मुख्य मुद्दा एकच आहे : ज्या भाषेत ‘नाही’ म्हणण्याची सोय ठेवलेली नाही, त्या भाषेत घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे. संशोधनाची पद्धती आणि संशोधनाची नीती ही दोन वेगळी प्रकरणे म्हणून शिकवली जातात. प्रत्यक्षात ती एकाच वाक्यात एकत्र येतात, हे आपण येथे पाहणार आहोत.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ परिचर्या संशोधन : स्वरूप आणि टप्पे

रुग्णाची शुश्रूषा अधिक चांगली कशी करता येईल, या प्रश्नाचा पद्धतशीर शोध म्हणजे परिचर्या संशोधन. या परंपरेच्या आरंभी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव घेतले जाते. क्रिमियाच्या युद्धात १८५४ मध्ये त्या स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. दिवा हाती घेतलेली दयाळू स्त्री ही त्यांची प्रतिमा आपल्या परिचयाची आहे. पण त्यांचे तितकेच मोठे कार्य नोंदवहीतले आहे. सैनिकांच्या मृत्यूंची कारणवार नोंद मांडून त्यांनी दाखवून दिले की, जखमांपेक्षा कितीतरी अधिक सैनिक टाळता येण्याजोग्या रोगांनी दगावले होते. १८५८ मध्ये त्यांनी ही आकडेवारी वर्तुळाकार आकृतीतून मांडली. निरीक्षण, नोंद, वर्गीकरण आणि निष्कर्ष हा संशोधनाचा क्रम या कार्यात स्पष्ट दिसतो.

आजच्या परिचर्या संशोधनाचे टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतील : समस्येची निवड, पूर्वसंशोधनाचा आढावा, गृहीतकाची मांडणी, संशोधन आराखडा, नमुना निवड, साधनांची निर्मिती, नैतिकता समितीची मान्यता, माहितीचे संकलन, विश्लेषण आणि अहवाललेखन. संशोधनाचे दोन मुख्य प्रकार आहेत. मोजमापावर आधारलेले ते संख्यात्मक संशोधन. माणसांचे अनुभव त्यांच्याच शब्दांत समजून घेणारे ते गुणात्मक संशोधन.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका परिचारिकेला पुढील प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे : ‘शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी रुग्णाला पुढे काय होणार हे नीट समजावून सांगितले, तर शस्त्रक्रियेनंतर त्याला वेदना कमी जाणवतात का?’ त्यासाठी ती रुग्णांचे दोन गट करील. एका गटाला विशेष माहिती दिली जाईल, दुसऱ्याला नेहमीचीच. कोणता रुग्ण कोणत्या गटात, हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरेल. नंतर दोन्ही गटांना वेदनेविषयी प्रश्न विचारले जातील. आराखडा साधा आहे. तरीही ‘वेदना किती आहे?’ हा प्रश्न मराठीत विचारण्याची वेळ येते, तेव्हा पहिली भाषिक अडचण उभी राहते.

५.२.२ प्रश्नावलीची भाषा

‘वेदना’ हा शब्द ग्रंथात शोभतो. खाटेवरचा रुग्ण ‘दुखतंय’ म्हणतो आणि त्यापुढे जाऊन दुखण्याची जातही सांगतो. जखम ठणकते, गळू ठसठसते, पाठीत उसण भरते, कमरेत चमक निघते, पोटात कळ येते किंवा मुरडा पडतो, टाके ओढल्यासारखे वाटतात, लघवीला आग होते, काटा सलतो. यांतील प्रत्येक शब्द दुखण्याचे ठिकाण, काळ आणि तऱ्हा सांगतो. या सर्वांच्या जागी ‘तीव्र’, ‘मध्यम’ आणि ‘सौम्य’ असे तीनच पर्याय छापले, तर रुग्णाजवळ असलेली माहिती संशोधकापर्यंत पोहोचतच नाही.

शून्य ते दहा या मोजपट्टीचेही तसेच आहे. ती जगभर वापरली जाते, आणि योग्य रीतीने समजावून दिल्यास उपयोगीही पडते. पण काही वयस्कर रुग्णांना रुपयाचा हिशेब अधिक जवळचा वाटतो. ‘बारा आणे बरं वाटतंय, चार आणे राहिलंय’ असे उत्तर देणारा रुग्ण अचूक मोजमापच करीत असतो. फक्त त्याची मोजपट्टी सोळा आण्यांची असते. संशोधकाने हे उत्तर ‘अस्पष्ट’ म्हणून बाजूला टाकले, तर दोष रुग्णाचा नाही.

संकोचाच्या विषयांत ही अडचण अधिक गंभीर होते. मासिक पाळीविषयी बोलताना अनेक स्त्रिया ‘अडचण’, ‘बाजूला बसणे’, ‘कावळा शिवणे’ असे आडवळणाचे शब्द योजतात. अंगावरून पांढरे जाण्याचा त्रास ‘बाईच्या जातीला असायचंच’ असे म्हणून सांगितलाच जात नाही. ‘तुम्हाला स्त्रीरोगविषयक तक्रार आहे काय?’ या छापील प्रश्नाला अशा स्त्रीचे उत्तर ‘नाही’ असेच येणार. ते उत्तर खोटे नसते. विचारलेला प्रश्न तिच्या भाषेतला नसतो.

या दृष्टीने गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी केलेला अभ्यास महत्त्वाचा आहे. तो १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची त्यात तपासणी झाली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले. रुग्णालयात येणाऱ्या स्त्रियांपुरता अभ्यास मर्यादित ठेवला असता, तर हे चित्र कधीच दिसले नसते. न बोललेले दुःख आकडेवारीत येत नाही, हा या अभ्यासातून भाषेच्या विद्यार्थ्याने घ्यावयाचा बोध आहे.

परभाषेतील प्रश्नावली मराठीत आणताना ‘उलट भाषांतर’ ही पद्धत वापरतात. एक भाषांतरकार मूळ प्रश्नावली मराठीत आणतो. मूळ प्रश्नावली न पाहिलेला दुसरा भाषांतरकार ते मराठी पुन्हा मूळ भाषेत नेतो. नंतर दोन्ही प्रती ताडून पाहतात. ही पद्धत उपयुक्त असली, तरी तिची एक मर्यादा लक्षात ठेवा. शब्दाला शब्द ठेवून केलेले अवघड भाषांतर उलट भाषांतरात हमखास उत्तीर्ण होते. कारण ते मूळ भाषेच्या सावलीत वाढलेले असते. म्हणून तिसरी पायरी आवश्यक ठरते : ज्यांच्यासाठी प्रश्न आहेत अशा पाच-दहा व्यक्तींना ते वाचून दाखवून, ‘या प्रश्नात तुम्हाला काय विचारलंय?’ असे विचारणे. साधनाची सप्रमाणता, म्हणजे जे मोजायचे तेच मोजले जाणे, हे अशा रीतीने भाषेवर अवलंबून असते.

> स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
> एका वाक्यात उत्तरे लिहा.
> (अ) गुणात्मक संशोधन म्हणजे काय?
> (आ) उलट भाषांतराची मर्यादा कोणती?

५.२.३ संमती : एक भाषिक कृती

भाषेचा उपयोग केवळ माहिती देण्यासाठी होतो, असे आपण समजतो. ब्रिटिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी दाखवून दिले की, काही वाक्ये उच्चारणे हीच एक कृती असते. ‘मी वचन देतो’ असे म्हणणे म्हणजेच वचन देणे. मात्र अशी कृती सफल होण्यासाठी काही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. अधिकार नसलेल्या माणसाने ‘सभा बरखास्त झाली’ असे म्हटल्याने सभा बरखास्त होत नाही.

‘माझी संमती आहे’ हे वाक्य याच जातीचे आहे. ते सफल होण्याच्या अटी तीन : बोलणाऱ्याला आवश्यक ती माहिती मिळालेली असणे, ती त्याला समजलेली असणे, आणि नकार देण्यास तो खरोखर मोकळा असणे. यांपैकी एक अट जरी अपुरी राहिली, तरी सही कागदावर असते, पण संमती घडलेली नसते.

मराठीत या अर्थक्षेत्रातील शब्दांची गल्लत होते, म्हणून त्यांतील भेद नीट पाहू. ‘परवानगी’ हा शब्द ‘परवाना’ या फारसी शब्दाशी संबंधित आहे. परवानगी देणारा अधिकारपदावर असतो. संशोधनासाठी रुग्णालयाची परवानगी लागते. ‘मान्यता’ नैतिकता समिती देते. ‘संमती’ मात्र फक्त त्या व्यक्तीचीच असते. ‘सम्’ हा उपसर्ग आणि ‘मन्’ म्हणजे विचार करणे हा धातू यांपासून हा शब्द सिद्ध झाला आहे. विचार केल्याशिवाय संमती होत नाही, हे त्या शब्दातच आहे. वैद्यकीय अधीक्षकांनी परवानगी दिली म्हणून रुग्णाची संमती मिळाली असे होत नाही. त्याचप्रमाणे ‘माझी काही हरकत नाही’ आणि ‘माझी संमती आहे’ ही वाक्येही समानार्थी नाहीत. पहिल्यात विरोधाचा अभाव आहे, दुसऱ्यात निर्णय आहे. ‘तुम्ही म्हणाल तसं, सिस्टर’ या वाक्यात तर निर्णयच दुसऱ्यावर सोपवलेला आहे. त्या वाक्यावर सही घेणे सोपे असते; म्हणूनच तेथे थांबणे आवश्यक असते.

१९४७ मध्ये न्यूरेंबर्ग येथे नाझी डॉक्टरांवरील खटल्याच्या निकालात दहा कलमांची संहिता मांडली गेली. तिचे पहिलेच कलम स्वेच्छेने दिलेल्या संमतीविषयी आहे. १९६४ मध्ये जागतिक वैद्यकीय संघटनेने हेलसिंकी येथे वैद्यकीय संशोधनाची नीतितत्त्वे जाहीर केली. भारतात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे प्रमाण मानली जातात. त्यांच्या शीर्षकांतील एक बदल भाषाभ्यासकाने टिपून ठेवावा असा आहे. ज्याच्यावर संशोधन होते त्या माणसासाठी २००० सालच्या आवृत्तीच्या इंग्रजी शीर्षकात ‘सब्जेक्ट’ हा शब्द होता. २००६ च्या आवृत्तीत त्या जागी ‘पार्टिसिपंट’, म्हणजे सहभागी व्यक्ती, हा शब्द आला आणि २०१७ च्या आवृत्तीतही तो कायम राहिला. मराठी मानसशास्त्राच्या पुस्तकांत पूर्वीपासून ‘प्रयुक्त’ हा शब्द रूढ आहे. ‘प्रयुक्त’ म्हणजे योजलेला, वापरलेला. ‘सहभागी’ म्हणजे ज्याचा वाटा आहे तो. शब्द बदलला म्हणजे वागणूक आपोआप बदलते असे नव्हे. पण वापरलेल्या वस्तूला कोणी संमती विचारीत नाही, एवढे खरे.

५.२.४ दोन धडे : अलाबामा आणि खम्मम

संमतीच्या अटी मोडल्या की काय होते, हे समजण्यासाठी दोन घटनांचा विचार करू. पहिली अमेरिकेतील आहे. १९३२ मध्ये अलाबामा राज्यातील मेकन परगण्यात तेथील सार्वजनिक आरोग्य सेवेने एक अभ्यास सुरू केला. तो टस्कीगी अभ्यास म्हणून ओळखला जातो. त्यात सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुष होते. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश हा रोग झालेला होता आणि २०१ जणांना तो नव्हता. उपचार न केल्यास रोग कसा वाढतो, हे पाहणे हा हेतू होता. रुग्णांना मात्र तो सांगण्यात आला नाही. तुमच्या ‘खराब रक्ता’वर उपचार चालू आहेत, असे त्यांना सांगण्यात आले. त्या भागातील बोलीत या शब्दाखाली अनेक प्रकारचे आजार मोडत. पाठीच्या कण्यातून पाणी काढण्याची वेदनादायक तपासणी पत्रात ‘खास मोफत उपचार’ म्हणून सांगितली गेली. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हे प्रभावी औषध उपलब्ध झाले, तरी ते या रुग्णांना दिले गेले नाही. १९७२ मध्ये वृत्तपत्रांतून हे प्रकरण उघडकीस आले आणि अभ्यास थांबला. १९९७ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी देशाच्या वतीने क्षमा मागितली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या घटनेतील दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे, लोकांच्या बोलीतील शब्द वापरला म्हणून संवाद प्रामाणिक होत नाही. ‘रक्त खराब झालंय’ हे मराठीतही आपण सहज बोलतो. असा ओळखीचा शब्द समजावण्यासाठी वापरता येतो, तसाच झाकण्यासाठीही वापरता येतो. सोपी भाषा आणि खरी भाषा या दोन्ही कसोट्या एकदमच लावाव्या लागतात. दुसरी गोष्ट म्हणजे, या अभ्यासात युनिस रिव्हर्स या कृष्णवर्णीय परिचारिकेने अनेक दशके दुव्याचे काम केले. त्या रुग्णांना गाडीतून तपासणीला नेत, त्यांची विचारपूस करीत. रुग्णांचा विश्वास डॉक्टरांपेक्षा त्यांच्यावर अधिक होता. परिचारिकेवरचा विश्वास हे शुश्रूषेचे भांडवल आहे. संशोधनात तेच भांडवल रुग्णाच्या नकळत खर्ची पडू शकते.

या प्रकरणानंतर नेमलेल्या अमेरिकी आयोगाचा १९७९ चा अहवाल बेल्मोंट अहवाल म्हणून ओळखला जातो. त्याने तीन तत्त्वे सांगितली : व्यक्तीचा आदर, हितकारिता आणि न्याय. शेवटच्या तत्त्वाचा अर्थ असा की, संशोधनाचा भार गरिबांनी वाहावा आणि लाभ इतरांनी घ्यावा, असे होऊ नये.

दुसरी घटना आपल्या देशातील आहे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा या जिल्ह्यांत किशोरवयीन मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी लस देण्याचा प्रकल्प राबवला गेला. एप्रिल २०१० मध्ये तो थांबवण्यात आला. संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०१३ मध्ये या प्रकल्पावर कठोर ताशेरे ओढले. आंध्र प्रदेशातील ९,५४३ संमतीपत्रकांपैकी २,७६३ पत्रकांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या आणि १,९४८ पत्रकांवर अंगठे होते, अशी नोंद समितीच्या अहवालात आहे. येथे लसीच्या उपयुक्ततेचा प्रश्न वेगळा आहे. त्या लसीने कर्करोगाला प्रतिबंध होतो. आपला प्रश्न आहे तो संमतीचा. आदिवासी मुलगी वसतिगृहात राहते म्हणून तिच्या आईवडिलांचा निर्णय घेण्याचा हक्क अधीक्षकांकडे जात नाही. मघाच्या परिभाषेत सांगायचे, तर येथे परवानगी मिळाली आणि तीच संमती समजली गेली.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या तत्त्वांनुसार सहभागी व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत माहितीपत्रक देणे आवश्यक आहे. निरक्षर व्यक्तीचा अंगठा घेताना निःपक्षपाती साक्षीदार हजर असावा लागतो. मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागतेच, शिवाय सात वर्षांपुढील मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो.

> स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
> (अ) संमती सफल होण्याच्या तीन अटी लिहा.
> (आ) रिकाम्या जागा भरा : रुग्णालयाची ______, नैतिकता समितीची ______, रुग्णाची ______.

५.२.५ संमतीपत्रकाचे मराठी

पुढील नमुना या घटकासाठी तयार केला आहे. मात्र त्याची शैली तुम्हाला परिचित वाटेल.

‘सदर संशोधन प्रकल्पातील सहभाग ऐच्छिक स्वरूपाचा असून कोणत्याही टप्प्यावर सहभागातून माघार घेण्याचा सहभागी व्यक्तीचा अधिकार अबाधित राहील व तत्संबंधी कारणमीमांसा देणे बंधनकारक असणार नाही.’

यात व्याकरणाची एकही चूक नाही. पण यात ‘तुम्ही’ कोठेच नाही. क्रियापदांची जागा नामांनी घेतली आहे. दोन महत्त्वाच्या गोष्टी ‘असून’ व ‘व’ यांनी एका वाक्यात कोंबल्या आहेत. आणि रुग्णाच्या मनातला खरा प्रश्न, ‘नाही म्हटलं तर माझ्याकडे दुर्लक्ष होईल का?’, अनुत्तरितच राहिला आहे. आता हे पुनर्लेखन पाहा :

‘या अभ्यासात भाग घ्यायचा की नाही, हे तुम्ही ठरवायचे आहे. नको म्हणालात, तरी तुमचे उपचार जसे चालू आहेत तसेच चालू राहतील. आज हो म्हणालात आणि उद्या नको वाटले, तर तसे सांगा. कारण सांगण्याची गरज नाही.’

कर्मणी प्रयोगाकडेही असेच लक्ष द्यावे. ‘माहिती गुप्त ठेवली जाईल’, ‘त्रास झाल्यास उपचार केले जातील’ या वाक्यांत कर्ता लपलेला आहे. कोण ठेवील? कोण करील, कोठे आणि कोणाच्या खर्चाने? ‘तुमची माहिती आम्ही कोणालाही सांगणार नाही’, ‘या अभ्यासामुळे त्रास झाला, तर आम्ही याच रुग्णालयात मोफत उपचार करू’ असे लिहिताच जबाबदारीला मालक मिळतो. कर्तरी प्रयोग येथे केवळ शैलीचा भाग राहत नाही.

तांत्रिक संज्ञांबाबतही हाच विवेक हवा. ‘यादृच्छिक विभागणी’ ऐवजी ‘कोणाला कोणत्या गटात घ्यायचे हे आम्ही निवडणार नाही, चिठ्ठी टाकल्यासारखे ते ठरेल’ असे लिहिता येते. मात्र सोपे करण्याच्या ओघात अर्थ गळू देऊ नये. दोन गटांपैकी एकालाच विशेष माहिती मिळणार आहे, ही गोष्ट रुग्णाला आवडणार नाही म्हणून वगळली, तर भाषा सोपी होते आणि संमती खोटी होते.

५.२.६ संबोधनाचे व्याकरण

मराठीत ‘आपण’ या सर्वनामाचे तीन अर्थ होतात. ‘आपण सगळे जाऊ’ यात ऐकणाऱ्यासह बोलणारा येतो; ‘आपण बसावे’ यात ते ‘तुम्ही’चे आदरार्थी रूप आहे; ‘तो आपणहून आला’ यात ते स्वतःवाचक आहे. ऐकणाऱ्याला वगळायचे असेल, तेव्हा मराठी ‘आम्ही’ म्हणते. हा भेद हिंदीच्या ‘हम’मध्ये किंवा इंग्रजीच्या ‘वी’मध्ये नाही. आता संमतीपत्रकातील हे वाक्य वाचा : ‘आपण ही माहिती कोणालाही सांगायची नाही.’ गुप्ततेचे बंधन संशोधकावर असते. पण या वाक्याने ते रुग्णावर पडते, किंवा दोघांवर पडते, किंवा कोणावर पडते ते कळतच नाही. ‘आपण’ टाळून ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ लिहिले, की संदिग्धता उरत नाही. याच कारणाने या घटकात तुम्हाला ‘तुम्ही’ म्हटले आहे आणि ‘आपण’ हे सर्वनाम तुम्हाआम्हा दोघांसाठी राखले आहे.

बोलण्यात हा मुद्दा अधिक नाजूक होतो. ‘चला आजी, आपण इंजेक्शन घेऊ या’ हे वाक्य शुश्रूषेत गोड आहे. त्यातला ‘आपण’ भीती वाटून घेतो. पण ‘चला आजी, आपण या कागदावर सही करू या’ असे म्हटले, की तोच गोडवा अडसर बनतो. ज्या कामात परिचारिकेने स्वतःला सामील करून घेतले, त्याला नकार देणे म्हणजे तिलाच नकार देणे होते. ‘इथे सही करायची आहे’ या वाक्यात तर निर्णय आधीच झालेला आहे. ‘सही करा’ ही आज्ञा झाली. ‘तुमची इच्छा असली तर सही करा, विचार करायला वेळ हवा असेल, तर उद्या सांगितलं तरी चालेल’ या वाक्यात नकाराला जागा आहे.

शेवटी समजल्याची खातरजमा. ‘समजलं ना?’ या प्रश्नाला ‘हो’ हेच शिष्टाचाराचे उत्तर आहे. ‘मी सांगितलेलं तुम्ही घरी मुलीला कसं सांगाल?’ असे विचारले, तर काय पोहोचले आणि काय राहिले ते रुग्णाच्याच तोंडून कळते. उत्तरात चूक निघाली, तर पुन्हा सांगण्याची जबाबदारी संशोधकाची. ती परीक्षा रुग्णाची नव्हे. आणि शक्य असेल तेथे, रोजची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेऐवजी दुसऱ्या व्यक्तीने संमती विचारावी. ‘नको’ हा शब्द ज्याच्या हातून रोज औषध घ्यायचे त्याला ऐकवणे अवघड असते.

नैतिकता समितीत एक सदस्य सामान्य नागरिकांमधून घेतलेला असतो. संमतीपत्रक आणि त्याचे भाषांतर सामान्य माणसाला समजेल असे आहे का, हे पाहणे त्याच्या कामाचा भाग असतो. मराठीच्या पदवीधराला येथे खरे कार्यक्षेत्र आहे.

५.३ सारांश

परिचर्या संशोधनात प्रश्न विचारणे हे मोजमापाचे साधन आहे. म्हणून शब्द चुकला की निष्कर्ष चुकतो. संमती ही भाषिक कृती असून माहिती, आकलन आणि नकाराची मोकळीक या तिच्या तीन अटी आहेत. टस्कीगी अभ्यासात ओळखीच्या शब्दांनी सत्य झाकले गेले. खम्मम येथे अधिकाऱ्याची परवानगी हीच संमती समजली गेली. मराठी संमतीपत्रकात ‘आम्ही–तुम्ही’ यांचा स्पष्ट वापर, कर्तरी प्रयोग, लहान वाक्ये आणि नकाराचा उघड उल्लेख असावा. सोपेपणा आणि खरेपणा यांपैकी एकासाठी दुसऱ्याचा बळी देता येत नाही.

५.४ पारिभाषिक शब्द

गृहीतक : संशोधनातून पडताळून पाहावयाचे तात्पुरते विधान.
सप्रमाणता : साधनाने जे मोजायचे तेच मोजले जाणे.
हितकारिता : सहभागी व्यक्तीचे हित साधणे व हानी टाळणे.
भाषिक कृती : उच्चारानेच घडणारी कृती; उदा. वचन, संमती, क्षमायाचना.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) माणसांचे अनुभव त्यांच्याच शब्दांत समजून घेणारे संशोधन म्हणजे गुणात्मक संशोधन. (आ) मूळ भाषेच्या वळणाचे, पण लोकांना न कळणारे भाषांतरही या कसोटीत उत्तीर्ण होते.
प्रश्न २ : (अ) आवश्यक माहिती मिळणे, ती समजणे आणि नकार देण्याची मोकळीक असणे. (आ) परवानगी, मान्यता, संमती.

५.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘प्रयुक्त’ आणि ‘सहभागी’ या संज्ञांमधील दृष्टिकोनाचा फरक स्पष्ट करा.
२. पुढील वाक्याचे सुबोध मराठीत पुनर्लेखन करा आणि केलेल्या प्रत्येक बदलाचे कारण द्या : ‘रक्तनमुना संकलनाच्या प्रक्रियेदरम्यान किंचित वेदना अथवा अस्वस्थता संभवते, तथापि आवश्यक ती सर्व खबरदारी घेतली जाईल.’
३. टीप लिहा : परिचारिकेवरील विश्वास आणि संशोधनाची नीती.

क्षेत्रीय कार्य : तुमच्या घरातील किंवा शेजारच्या तीन ज्येष्ठ व्यक्तींशी बोलून दुखण्याविषयीचे किमान पंधरा शब्द जमवा. प्रत्येक शब्दाचा अर्थ त्यांच्याच वाक्यात नोंदवा. काम सुरू करण्यापूर्वी ही माहिती कशासाठी हवी आहे ते त्यांना सांगा आणि त्यांची संमती घ्या. नावे लिहू नका. तिघांपैकी कोणी नको म्हणाले, तर आग्रह करू नका. ज्या शब्दांत त्यांनी नकार दिला, ते शब्द नोंदवण्यासही त्यांची संमती लागेल.